सखी आणि धनीण

‘पहिली महिला’ या दोन शब्दांचा मला अलीकडे धसकाच बसला आहे. कुठे पहिली महिला अमुक झाली, कुठे पहिली महिला तमुक झाली, अशी बातमी आली की आमच्या हिंगोलीसारख्या गावातसुद्धा शाल, श्रीफळ आणि भाषणे यांची जुळवाजुळव सुरू होते. आणि दुसरी केव्हा होणार, हे विचारण्याचे भान सभेतल्या एकालाही राहत नाही. विम्याच्या व्यवसायापुरते बोलायचे तर आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झाले, आणि त्याच्या व्यवस्थापकीय संचालकाच्या खुर्चीवर पहिली स्त्री, उषा सांगवान, बसली ती २०१३ साली. मध्ये ५७ वर्षे गेली. पुढे २०१६ साली जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या अध्यक्षपदी ॲलिस वैद्यन आल्या, २०१८ साली एचडीएफसी लाइफच्या प्रमुखपदी विभा पडळकर आल्या. या तिघीही कर्तबगार, यात शंका नाही. माझे भांडण त्यांच्याशी नाहीच. माझे भांडण आपल्याशी आहे. आपल्याला त्यांची पदे पाठ आहेत. पण विधवेच्या हातात जो कागद पडतो त्यातली कोणती ओळ त्यांच्यामुळे बदलली, हे आपण कधी विचारले काय? मी एका सभेत विचारून पाहिले. उत्तर मिळाले, “बाई, पहिली महिला झाली, हे काय थोडे झाले?” थोडेच झाले. फार थोडे झाले.

त्या १९५६ सालाचे आम्हां मराठवाड्याच्या माणसांना एरवीही अगत्य आहे. १९ जानेवारीला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट संस्था, अशा २४५ संस्था सरकारने ताब्यात घेतल्या. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैद्राबाद राज्य मोडून आमचा मुलूख मुंबई राज्यात आला. विमा शहरातून खेड्यात न्यावयाचा, हा राष्ट्रीयीकरणाचा जाहीर उद्देश होता. खेड्यात तो गेला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण खेड्यात गेला तो पुरुषाच्या घरी गेला. बाई त्या घरात राहत होती, इतकाच काय तो तिचा आणि विम्याचा संबंध.

हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. जो नियम करतो तो आपल्या घरची चौकट डोळ्यांपुढे ठेवून करतो. आणि नियम करणारे सगळे पुरुष होते. महामंडळाच्या प्रस्ताव तपासण्याच्या पद्धतीत कित्येक दशके स्त्रियांचे तीन वर्ग पाडलेले होते. पहिल्या वर्गात स्वतःच्या कमाईच्या बायका. दुसऱ्यात घरबसल्या उत्पन्न असणाऱ्या, म्हणजे इस्टेटवाल्या. आणि तिसऱ्या वर्गात उरलेल्या सगळ्या. या उरलेल्या म्हणजे कोण? हळद काढणाऱ्या, ती शिजवून वाळवणाऱ्या, सोयाबीन कापणाऱ्या, धारा काढून मग डोक्यावर भाकरी घेऊन शेतात जाणाऱ्या. त्यांचा विमा उतरवावयाचा तर आधी नवऱ्याचा पुरेसा विमा आहे काय ते पाहिले जाई. बाईच्या जिवाची किंमत नवऱ्याच्या जिवाच्या किमतीला टांगलेली! आमच्या जिल्ह्यातल्या नरसीला नामदेवांचे गाव म्हणतात. त्या नामदेवांच्या घरी जन्मभर दळणकांडण केलेली जनाबाई आज विमा उतरवायला निघाली असती, तर तिला तिसऱ्या वर्गातसुद्धा जागा मिळाली नसती. कारण तिला नवराच नव्हता.

आमचे एक निवृत्त विमा-अधिकारी स्नेही आहेत. मोठा सज्जन माणूस. मी असे काही बोलले की ते हसून म्हणतात, “ताई, विमा म्हणजे गणित आहे. गणिताला ना बाई कळते ना बुवा. जिथे जोखीम जास्त, तिथे हप्ता जास्त.” हे वाक्य मला फार दिवस निरुत्तर करीत असे. पुढे मी त्या गणिताचा जुना इतिहास वाचला. अमेरिकेतल्या प्रूडेन्शियल कंपनीने १८८१ साली असे ठरविले की, काळ्या माणसाने गोऱ्याइतकाच हप्ता भरला तरी त्याच्या मृत्यूनंतर रक्कम एक तृतीयांश कमी द्यावयाची. त्याच कंपनीच्या फ्रेडरिक हॉफमन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १८९६ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून, काळ्या माणसाची जातच मरणोन्मुख आहे, असे तक्त्यांनिशी सिद्ध केल्याचा आव आणला. आकडे होते, कोष्टके होती, शेकड्यांचे हिशेब होते. हेही गणितच होते! दारिद्र्य, ओल धरलेली घरे, दवाखान्यातून हाकलून देणे, हे त्या कोष्टकात कुठे नव्हते, इतकेच.

आणि ज्या बाईसाठी मी हा लेख लिहावयास घेतला तिची गाठ मला याच वाचनात पडली. मॅगी लेना वॉकर तिचे नाव. आमच्याकडे ते कोणाच्या कानावर नाही, म्हणून तिची हकीकत थोडी सविस्तर सांगते; वाचकांनी कंटाळू नये.

१८६४ साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतात रिचमंड येथे तिचा जन्म झाला. गुलामगिरी मोडण्यासाठी पेटलेले यादवी युद्ध तेव्हा चालूच होते. आई एलिझाबेथ एका श्रीमंताच्या मुदपाकखान्यात कामाला होती. मॅगी बारा वर्षांची असताना सावत्र बाप वारला आणि आईने गोऱ्यांचे कपडे धुण्याचे काम धरले. धुतलेल्या कपड्यांची टोपली पोचविणे हे पोरीचे काम. आपण तोंडात चांदीचा चमचा घेऊन नव्हे तर डोक्यावर कपड्यांची टोपली घेऊन जन्मलो, असे ती पुढे मोठेपणी सांगत असे. शिकली, शाळेत शिक्षिका झाली. १८८६ साली लग्न झाले आणि विवाहित बाईला शाळेत ठेवायचे नाही या नियमाने नोकरी गेली. (हा नियम करणारेही नियमानेच वागत असतील!)

चौदा वर्षांची असल्यापासून ती ‘इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक’ नावाच्या मंडळाची सभासद होती. हे मंडळ १८६७ साली मेरी प्राउट या काळ्या बाईनेच बाल्टिमोरला काढलेले. सभासदांनी थोडी थोडी वर्गणी भरावयाची. कोणी आजारी पडले तर त्यातून मदत, कोणी मेले तर मूठमातीचा खर्च. आपल्याकडच्या भिशीची आणि बचतगटाची ही सख्खी बहीण. फरक इतकाच की तिच्यात मरणाचा हिशेब आधी केलेला होता. १८९९ साली मॅगीच्या हाती या मंडळाचा कारभार आला तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि देणे सुमारे ४०० डॉलर. आमच्याकडची एखादी बुडीत सोसायटी डोळ्यांपुढे आणा. अशी संस्था कोणी बाईच्या हाती दिली की समजावे, पुरुषांना ती नको झाली आहे.

तिने ती कशी उभी केली हे पाहण्यासारखे आहे. १९०२ साली तिने मंडळाचे वृत्तपत्र काढले. १९०३ साली ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ उघडली, आणि अमेरिकेत बँकेचा परवाना मिळवून तिची अध्यक्ष झालेली पहिली स्त्री ठरली. (आला तो शब्द! पण हिच्या बाबतीत मला तो खुपत नाही. कां ते सांगते.) मोलकरणी, धोबिणी, तंबाखूच्या कारखान्यातल्या मजूर बायका यांचे पेनी पेनी त्या बँकेत साठू लागले. कचेरीत तिने कारकून म्हणून काळ्या मुली बसविल्या. ज्या गावात काळ्या मुलीला घरकामावाचून दुसरे काम मिळत नव्हते त्या गावात बसविल्या. १९२०च्या दशकात मंडळाचे सभासद ५०,०००च्या वर गेले. १९१५ साली तिच्या मुलाने चोर समजून झाडलेल्या गोळीने तिचा नवरा ठार झाला. त्या दुःखातून आणि बोभाट्यातूनही ती कामावर परत आली. शेवटची वर्षे पाय गेल्यामुळे चाकांच्या खुर्चीत काढली. महामंदीत बँका पटापट कोसळत असताना १९३० साली तिने आपली बँक इतर दोन बँकांशी जोडून घेतली आणि वाचविली. १५ डिसेंबर १९३४ रोजी ती वारली.

हिंगोलीच्या बाईला रिचमंडच्या बाईचे काय, असे कोणी विचारील. मी म्हणते, टोपलीचे काय? टोपली तीच आहे. मॅगी वॉकरचे मोठेपण ती खुर्चीवर बसली यात नाही. जिच्या जिवाला बाजारात भाव नाही अशा बाईचे मरण ज्या कागदावर मोजले जाते, तो कागद लिहिण्याचा अधिकार तिने अशाच बायकांच्या हाती आणून दिला, यात आहे. ती विम्याची सखी नव्हती, धनीण होती.

‘सखी’ हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे ‘विमा सखी’ योजनेचा शुभारंभ झाला. दहावी झालेल्या, १८ ते ७० वर्षांच्या बायकांनी विम्याचे एजंट व्हावे. पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन मिळावे. शिवाय विकलेल्या पॉलिसीवर कमिशन. योजना वाईट आहे असे मी म्हणणार नाही. सेनगाव-कळमनुरीकडच्या दहावी झालेल्या सुनेला महिन्याला ७,००० रुपये स्वतःच्या नावाने मिळणे ही काय चीज आहे, हे मला ठाऊक आहे. पदवीधर सखीला विकास अधिकाऱ्याच्या जागेसाठी विचारात घेण्याची सोय ठेवली आहे, हेही मी मान्य करते, आणि योजनेतली हीच एक ओळ मला मोलाची वाटते. पण समारंभात भाषणे झाली ती या ओळीवर नव्हे, सखीवर झाली. बाई गोड बोलते, बाई घरात शिरते, बाईचे बाई ऐकते, म्हणून बाई विमा चांगला विकते! म्हणजे चुलीपर्यंत जाण्याची वाट म्हणून बाई हवी. पॉलिसी कशी असावी, अर्जात काय विचारावे, दाव्याला कोणता कागद मागावा, हे ठरवताना तिची आठवण कोणाला होत नाही.

तसे न झाल्याने काय होते त्याचा दाखला न्यायालयाच्या दप्तरात आहे. महामंडळात नोकरीला लागणाऱ्या स्त्री-उमेदवारांकडून एक प्रतिज्ञापत्रक भरून घेत असत. शेवटची पाळी केव्हा आली, ती नियमित आणि बिनदुखीची असते काय, आजवर किती वेळा दिवस राहिले, गर्भपात झाला काय, असले प्रश्न त्यात होते. एका बाईने यातली माहिती खोटी दिली म्हणून, ती बाळंतपणाच्या रजेवर गेल्यानंतर, तिला कामावरून काढले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे प्रश्न लाजिरवाणे आणि मानहानिकारक ठरविले, तिला परत कामावर घ्यावयास लावले आणि ते रकाने काढून टाकण्यास सांगितले. तो छापील कागद किती टेबलांवरून फिरला असेल! एकाही टेबलामागे बसलेल्या साहेबाला तो वाचून शरम वाटली नाही. आणि ज्या मुलींनी तो भरला त्यांना वाटलेली शरम वर पोचवील अशी कोणी बाई वरच्या मजल्यावर नव्हती. पुढे १९९५ साली त्याच न्यायालयाने आणखी एक गाठ सोडविली. कमी हप्त्याचा एक मुदतीचा विमा फक्त सरकारी, निमसरकारी आणि नामांकित कंपन्यांच्या पगारदारांनाच मिळत असे. ही अट न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. शेतमजुराचा जीव पगारदाराच्या जिवाहून हलका नाही, हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागले.

आमच्या स्नेह्यांच्या गणिताचे उत्तर तर सरकारनेच देऊन ठेवले आहे. २०१५ साली जी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आली, तिच्यात १८ ते ५० वयाच्या कोणालाही बँकेच्या खात्यातून हप्ता कापून २ लाखांचा विमा मिळतो. हप्ता आधी ३३० रुपये होता, २०२२ साली ४३६ झाला. बाईला तोच, बुवाला तोच. नवऱ्याचा विमा आहे काय, असे तीत कोणी विचारीत नाही. मग आधीची कित्येक दशके जे तीन वर्ग होते ते गणिताने पाडले होते की सवयीने, याचे उत्तर आमच्या स्नेह्यांनी द्यावे. मी वाट पाहते आहे.

आता घरचे एक सांगते. माझे वडील मी दहावीत असताना वारले. त्यांची २५,००० रुपयांची एक पॉलिसी होती आणि तिच्यावर वारस म्हणून आईचे नाव होते. ते नाव सासरचे; लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले. शाळेच्या दाखल्यावर मात्र माहेरचे नाव, आणि रेशनकार्डावर कोणी तरी तेच चढवून दिलेले. आमच्याकडे लग्नात बाईचे आडनावच नव्हे, नावही बदलते, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. कार्यालयात तिला विचारले, “पॉलिसीवरची बाई तुम्हीच कशावरून? दुसरी कोणी असली तर?” दहाव्याचे केस अजून वाढले नव्हते अशा माझ्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला हा प्रश्न विचारला गेला. मग तलाठी, मग पोलीस पाटील, मग तहसील, मग स्टॅम्पपेपर. चौदा महिने गेले. रक्कम आली तेव्हा बी-भरणासाठी उचललेल्या कर्जाच्या व्याजातच तिचा मोठा भाग जायचा होता. तो कारकून दुष्ट होता असे मी म्हणत नाही. तो नियमाने चालला. पण हा नियम ज्याने केला त्याला जन्मात एकच नाव होते.

असाच एक नियम शेतकऱ्यांच्या अपघात-विम्याचा. २००५-०६ साली राज्य सरकारने तो सुरू केला, पुढे त्याला गोपीनाथ मुंडे यांचे नाव मिळाले. शेतात साप चावून, वीज पडून, विहिरीत पडून शेतकरी मेला तर घरच्यांना मदत. रक्कम आता २ लाख. पण शेतकरी कोण? ज्याचे नाव सातबाऱ्यावर तो. औंढ्याच्या किंवा वसमतच्या शिवारात खुरपत असताना साप चावतो तो बहुधा बाईला. कारण वाकलेली असते ती. पण सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे, म्हणून ती शेतकरी नव्हे! २०१९ साली ही चूक दुरुस्त केली, म्हणजे खातेदाराबरोबर घरातल्या बिगरखातेदार अशा आणखी एका माणसाला संरक्षण दिले. एका. आता घरात सासू खुरपते, सून खुरपते आणि मुलगा औत हाकतो. यांतला तो एक कोण? २०२३ साली विमा कंपन्या मधून गेल्या आणि ते थेट सरकारी अनुदान झाले, हे चांगलेच झाले. पण मोजणीची रीत तीच राहिली.

कोणी म्हणेल, बाई वरच्या खुर्चीवर बसली म्हणजे हे सगळे आपोआप सुधारेल काय? आपोआप काहीच सुधारत नाही. खुर्चीवर बसलेली बाईसुद्धा नियमाच्या पुस्तकावर बोट ठेवून ‘नाही’ म्हणू शकते. तशा पुष्कळ पाहिल्या आहेत. म्हणूनच मला एकटीदुकटी ‘पहिली’ नको आहे. मला खालपासून वरपर्यंत बायकांची रांग हवी आहे. मॅगी वॉकर मोठी झाली ती तिच्या मागे ५०,००० सभासदांचे मंडळ होते म्हणून, आणि त्या सभासदांनी वर्गणी भरली ती हिशेब लिहिणारी आपल्यातलीच आहे हे दिसत होते म्हणून.

या रांगेतल्या बाईला काय ठाऊक असावे, त्याचे एकच उदाहरण देते. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा एक कायदा झाला. १९२३च्या दुरुस्तीने तो हिंदू नवऱ्यांच्या पॉलिसीलाही लागू झाला. त्याच्या सहाव्या कलमाखाली नवऱ्याने बायकामुलांच्या नावे आयुर्विमा उतरवला तर ती रक्कम विश्वस्तनिधी ठरते. नवऱ्याचे सावकार किंवा बँक कर्जापोटी तिच्यावर हात ठेवू शकत नाहीत. कर्जाने वाकलेल्या आमच्या जिल्ह्यात याहून मोलाचे कलम दुसरे नसेल. पण त्यात एक मेख आहे. हे सारे प्रस्ताव भरतानाच लिहून द्यावे लागते. नवरा गेल्यावर ते सुचून उपयोग नाही. हिंगोलीचा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, कायदा झाला त्याच्या सव्वाशे वर्षे आधी. तरी पाचही तालुक्यांतल्या बचतगटांत मी जिथे जिथे विचारले तिथे एकाही बाईला हे कलम माहीत नव्हते. पॉलिसी विकणाऱ्यांनी त्यांना बोनस सांगितला होता, मुदत सांगितली होती, मुलीच्या लग्नाला किती मिळतील ते सांगितले होते. हे कोणी सांगितले नव्हते.

म्हणून माझी मागणी अशी की, विमा सखींच्या प्रशिक्षणात हे कलम पहिल्या दिवशी शिकवावे आणि विक्रीच्या युक्त्या शेवटच्या दिवशी शिकवाव्या. पदवीधर सखीला विकास अधिकारी करण्याची जी ओळ योजनेत आहे, ती किती जणींच्या बाबतीत खरी झाली याचा आकडा जिल्हावार दरवर्षी छापावा. हिंगोलीचा शून्य असला तर शून्य छापावा. दाव्याचे नियम ठरविणाऱ्या मंडळींत नुसती बाई नको, जिने कधी तरी स्वतः दावा केला आहे अशी बाई बसवावी. मराठवाड्यात अशा बायका शोधायला फार हिंडावे लागणार नाही. आणि वारसाच्या नावापुढे माहेरचे नाव लिहिण्यासाठी एक ओळ मोकळी सोडायला छापखान्याला किती खर्च येतो, ते कोणी तरी मला आकड्यांत कळवावे.